खांदा दुखतो म्हणून छाती मोजायची, ती कशी?

मे महिन्यात देवगडकडे आमच्याकडे येणाऱ्या खांद्यांचे साधारण दोन प्रकार असतात. एक, महिना-दीड महिना झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे उतरवलेला खांदा. दुसरा ट्रॉलरवरच्या खलाशाचा, वर्षभर जाळी ओढून वाकलेला. एक जूनला मासेमारी बंद झाली की हा दुसरा प्रकार वाढतो, कारण दुखणं तेव्हापर्यंत कुणी काढतच नाही. तक्रार एकच, “हात वर केलंय काय हयसर कळ येता,” आणि बोट खांद्याच्या बाहेरच्या बाजूला. छातीकडे कुणीही बोट दाखवत नाही. तरीही टेप लावायची ती छातीलाच. ती कशी लावायची आणि आलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हे नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या फिजिओंसाठी लिहिते आहे. महागडं उपकरण काही लागत नाही.

छातीत दोन स्नायू आहेत. वरचा मोठा, पंख्यासारखा पसरलेला पेक्टोरालिस मेजर, तो हासळी, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, आणि छातीचं मधलं हाड यांपासून निघून दंडाच्या हाडाला जातो. त्याच्याखाली दडलेला लहान पेक्टोरालिस मायनर. हा तिसऱ्या ते पाचव्या बरगडीपासून निघतो आणि खांद्याच्या पात्याच्या कोराकॉइड या पुढे आलेल्या हाडाला चिकटतो. दंडाशी त्याचा थेट संबंध नाही. तो पात्यालाच पुढे आणि खाली ओढतो. हात डोक्यावर नेताना पातं वर फिरायला हवं, मागे कलायला हवं. मायनर आखडलेला असेल तर पातं पुढे झुकलेलंच राहतं, ॲक्रोमियन, म्हणजे पात्याचं खांद्यावर आलेलं टोक, त्याच्या छपराखालची जागा कमी होते आणि तिथून जाणारे स्नायुबंध घासले जातात. झेला धरून वर मान करून तासन्‌तास उभं राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. पेटीचं झाकण अर्धवट उघडून आत हात घातला तर काय होतं, एवढं म्हटलं की पुरतं.

म्हणून मायनरचं माप जास्त कामाचं, आणि काढायला तेच जास्त अवघडही. हा लेखही बहुतेक त्याच्यावरच आहे.

मोजण्याआधी

आधी कोणाला मोजायचं नाही ते बघा. डाव्या खांद्यात किंवा छातीत दुखतं, घाम फुटतो, दम लागतो, जबड्याकडे कळ जाते, अशा माणसाला टेप लावत बसू नका, आधी ईसीजी. पेसमेकर असलेले, स्तनाची शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन झालेले, खांदा निखळण्याचा इतिहास असलेले, यांच्याबाबत खबरदारी घ्या. मेजरची चाचणी करताना हात बाजूला आणि बाहेर फिरवलेला असतो, आणि नेमक्या त्याच स्थितीत पुढे निखळणारा खांदा निखळतो. मधुमेही माणसाचा हात बाहेरच्या बाजूला फिरवून बघा. तुम्ही फिरवला तरी फिरत नसेल तर तो गोठलेला खांदा असण्याची शक्यता मोठी. तिथे छातीचं माप घेऊन हाती काही लागत नाही.

परवानगीचंही सांगते. इथे कामकरी बायका येतात, कोळणी येतात, काजू कारखान्यातल्या मुली येतात. छातीवर हात लागणार हे आधी साध्या शब्दांत सांगा, कुठे लागणार ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवून दाखवा, खोलीत दुसरी बाई असू द्या. टॉवेल ठेवा. स्तन बाजूला करायचं असेल तर ते तिचं तिनेच करावं. चौथ्या बरगडीचा टोकाचा भाग मधल्या हाडाला अगदी लागून असल्यामुळे बहुतेकदा ब्लाउजचं वरचं हुक काढलं तरी काम भागतं. पुरुष पेशंटलाही विचारा. तो काही म्हणत नाही, पण ताठतो, आणि ताठलेल्या माणसाचं माप खोटं येतं.

दोन खुणा

सगळा खेळ दोन हाडांच्या खुणांवर आहे. एक वरची, एक खालची.

वरची खूण कोराकॉइडची. हासळीवरून बोट बाहेरच्या दिशेने सरकवत न्या. आतला दोन-तृतीयांश भाग संपून बाहेरचा एक-तृतीयांश सुरू होतो तिथे खाली एक खळगा लागतो. त्या खळग्यातून साधारण अडीच सेंटीमीटर खाली आणि किंचित बाहेर गेलात की एक कडक गोळी बोटाला लागते. तेच कोराकॉइड. दाबलं की जवळजवळ प्रत्येकाला दुखतं, त्यामुळे “इथे दुखतं का?” या प्रश्नाला काही अर्थ नाही, दुसरी बाजूही दाबून तुलना करा. नवशिक्या हातांना इथे एक फसगत हमखास होते, दंडाच्या हाडावरचा उंचवटा कोराकॉइड वाटतो. खात्री करायची सोपी युक्ती आहे: बोट तिथेच ठेवून पेशंटचं कोपर वाकवून हात आत-बाहेर फिरवा. गोळी बोटाखालून सरकली तर ते दंडाचं हाड. हलली नाही तर कोराकॉइड. माप त्याच्या आतल्या, खालच्या कडेपासून घ्यायचं.

खालची खूण चौथ्या बरगडीची, ती मधल्या हाडाला मिळते तिथली खालची कड. चौथी बरगडी शोधायची तर दुसरीपासून सुरुवात करा. गळ्याच्या खळीतून बोट खाली सरकवत आणा, चार-पाच सेंटीमीटरवर हाडाला एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी असते. तिथून बाजूला सरका, बरगडीखालच्या मऊ जागेत बोट जाऊ द्या, मग तिसरी, पुन्हा मऊ जागा, मग चौथी. बोटं सोडून नजरेने मोजू नका.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते कारण सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः चुकले होते. आडवा उंचवटा शोधायचा आळस करून हासळीखाली लागते ती पहिली बरगडी समजून मोजायला लागले. एकदा चौथीवर माप घेतलं, तीन आठवड्यांनी पाचवीवर. माप सव्वा सेंटीमीटरने वाढलं, मी पेशंटला सांगितलं की स्नायू सुटला. तो खूश झाला, मी त्याहून खूश. पुढच्या भेटीत पुन्हा मोजलं तर सगळी कमाई गेलेली. पेशंटचा स्नायू बिचारा तिथल्या तिथेच होता.

अजून एक इथल्या हवेमुळे येणारी अडचण. मे-जूनमध्ये पेनाची खूण घामाने दोन मिनिटांत पसरते. आधी कोरड्या फडक्याने पुसून भुवयांच्या पेन्सिलने ठिपका द्या. पण ठिपका कातडीवर असतो, हाडावर नाही. हात हलवला की कातडी सरकते आणि ठिपका हाडापासून दूर जातो. म्हणून खूण केली की पेशंटने हात हलवायचा नाही, आणि पुन्हा मोजताना हाड पुन्हा चाचपायचं, जुन्या ठिपक्यावर टेप ठेवायची नाही.

प्रत्यक्ष माप

पेशंट उभा, पायात चप्पल नाही, हात सैल खाली सोडलेले, नजर समोर. “ताठ उभे रहा” असं म्हणू नका, म्हटलंत की माणूस शाळेतल्या कवायतीसारखा छाती काढून उभा राहतो. दोन-तीन श्वास घेऊ द्या. साधा श्वास सोडून संपला की त्या क्षणी दोन खुणांमधलं सरळ अंतर घ्या. श्वास घेताना बरगडी वर येते आणि माप बदलतं, म्हणून प्रत्येक वेळी श्वासाची वेळ तीच हवी.

अंतर सरळ हवं, आणि टेप इथेच घात करते. सडपातळ पोरावर ती सरळ बसते, पण छाती भरलेली असेल किंवा स्तन मध्ये येत असेल तर टेप वळणावरून जाते आणि माप वाढतं. अशा वेळी दोन पायांचा मोठा कॅलिपर वापरा. सुतारकामाच्या सामानात मिळतो तो चालतो, फक्त टोकं बोथट असावीत. एक पाय कोराकॉइडवर, दुसरा बरगडीच्या कडेला, मग तसाच उचलून पट्टीवर ठेवून वाचा. कॅलिपरचा आणखी एक फायदा, माप घेताना आकडा दिसत नाही. आकडा दिसला की हात आपोआप गेल्या वेळच्या आकड्याकडे सरकतो, कितीही प्रामाणिक असलात तरी.

दोन्ही बाजू मोजा. प्रत्येक बाजू तीनदा, दर वेळी खुणा नव्याने शोधून, आणि तिन्हींची सरासरी काढा. हेच माप झोपूनही घेता येतं, पण झोपल्यावर पातं मागे पडतं आणि आकडा वेगळा येतो. उभं राहून घेतलेल्या मापाची तुलना झोपून घेतलेल्या मापाशी कधीच करायची नाही.

आता उंच माणसाचा स्नायू लांब असणारच. म्हणून एक निर्देशांक काढतात: सेंटीमीटरमधली लांबी भागिले सेंटीमीटरमधली उंची, गुणिले शंभर. समजा बाईंची उंची १५८ सेंटीमीटर आणि माप ११.५ आलं, तर निर्देशांक ७.२८. अमेरिकेतले बॉर्स्टॅड आणि लुडेविग या संशोधकांनी २००५ मध्ये आखूड आणि लांब स्नायू असलेल्या माणसांत हात वर नेताना पातं कसं हलतं याची तुलना केली. त्यात ७.४४ किंवा त्याखाली आखूड, ८.६१ किंवा त्यावर लांब असं धरलं जातं. म्हणजे या बाई आखूड गटात. उंची तिला विचारून घेऊ नका, भिंतीला उभं करून मोजा. आमच्याकडे उंची अंदाजाने तोंडी सांगतात आणि दोन-तीन सेंटीमीटरचा फरक सहज पडतो.

पण हे ७.४४ देवाच्या गाभाऱ्याचा उंबरठा समजू नका. तो आकडा दुखणं नसलेल्या लोकांच्या मापांवरून आलेला आहे, म्हणजेच आखूड गटात ठणठणीत माणसंही होती. निर्देशांक दोन माणसांची तुलना करायला उपयोगी. एकाच माणसाची जूनची आणि जुलैची तुलना करायची असेल तर उंची बदलत नाही, नुसते सेंटीमीटर पुरेत.

टेबलवरची चाचणी, आणि तिच्याबद्दलची माझी तक्रार

बहुतेक कॉलेजांत शिकवतात ती ही: पेशंट उताणा, गुडघे वाकवलेले, ॲक्रोमियनच्या मागच्या टोकापासून टेबलापर्यंतचं उभं अंतर मोजायचं. २.६ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर मायनर आखूड. सोपी, झटपट, कपडेही काढावे लागत नाहीत.

ल्युइस आणि व्हॅलेंटाइन यांनी २००७ मध्ये ही चाचणी तपासली. पुन्हा पुन्हा मोजलं तरी आकडा जवळपास तोच यायचा, म्हणजे माप भरवशाचं. पण २.६ ची रेषा लावली तर दुखणारे आणि न दुखणारे सगळेच आखूड ठरत होते. ज्या चाळणीतून सगळंच खाली पडतं ती चाळणी काय कामाची? मी स्वतः ही चाचणी करते, पण रेषेसाठी नाही. दोन बाजूंतला फरक आणि त्याच माणसाचा महिन्याभराने आलेला फरक, एवढ्याच कामासाठी.

करताना हात पोटावर ठेवून कोपरं वाकवलेली ठेवा. कारण कोराकॉइडला मायनर एकटा चिकटत नाही, बायसेप्सचा आखूड भाग आणि कोराकोब्राकियालिस हे दंडाचे स्नायूही तिथेच येतात. कोपर सरळ असताना खांदा वर उचललेला आणि वाकवल्यावर खाली बसला, तर बायसेप्सचाही वाटा आहे असं समजा. नंतर कोराकॉइडवर तळव्याने हळू मागे दाब द्या. खांदा सहज टेबलाला टेकला तर स्नायू फार आखडलेला नाही. दाबताना बरगड्याही सोबत उचलल्या जात असतील आणि रबरासारखी ओढ हाताला लागत असेल तर मायनरवर संशय घ्या. हा हाताला येणारा अंदाज मला आकड्याइतकाच मोलाचा वाटतो.

टेबल कडक हवं. फोमच्या गादीवर खांदा रुततो. पोक आलेल्या म्हाताऱ्या माणसांत ही चाचणी जवळजवळ बाद, पाठच वाकलेली असल्यामुळे खांदा वर राहणारच. वर्षानुवर्षं वल्हं मारून पाठीचे स्नायू भरलेल्या माणसांतही आकडा फसवतो.

मेजरसाठी

इथे फार वेळ घालवत नाही. पेशंट उताणा, गुडघे वाकवून कंबर टेबलाला सपाट. कंबर उचलली की हात टेकल्यासारखा दिसतो, आणि ती चोरी पेशंटलाही कळत नाही. तेव्हा एक हात त्याच्या कंबरेखाली राहू द्या. हासळीकडच्या तंतूंसाठी हात नव्वद अंशांवर बाजूला, तळवा छताकडे, कोपर सरळ. छातीच्या हाडाकडच्या खालच्या तंतूंसाठी साधारण १३५ अंशांवर, म्हणजे तिरका वर. हात टेबलाला टेकला तर लांबी पुरेशी, नाहीतर कोपराच्या हाडापासून टेबलापर्यंतचं अंतर लिहा. ओढ छातीत लागायला हवी. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं झालं तर स्नायूपेक्षा सांध्याच्या आवरणावर ताण येतो आहे, तिथेच थांबा. बोटांना मुंग्या आल्या तरी थांबा, कारण हाताच्या नसा आणि रक्तवाहिनी मायनरच्या खालूनच जातात.

आकडा आल्यावर

माप आखूड आलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं नाही. मी पुढे एक साधी गोष्ट करते. पेशंटला हात वर न्यायला सांगते आणि मागून पात्याला हाताने आधार देऊन वर फिरवते, मागे कलवते. कळ लक्षणीय कमी झाली तर पात्यावर आणि मायनरवर काम करायला अर्थ आहे. काही फरक पडला नाही तर आकडा आखूड असला तरी दुसरीकडे शोधा, मान बघा, स्नायुबंध फाटला आहे का बघा.

ताण द्यायचा तर कोपऱ्यातला किंवा दाराच्या चौकटीतला ताण सर्वांत फायद्याचा. बॉर्स्टॅड आणि लुडेविग यांनी २००६ मध्ये तीन प्रकारांची तुलना केली तेव्हा याच एका हाताने स्वतः करायच्या ताणात स्नायू सर्वांत जास्त लांब होत होता. इथल्या घरात पडवीचा खांब पुरतो: कोपर खांद्याच्या उंचीला, नव्वद अंशांत वाकवलेलं, हात खांबाला टेकवून छाती दुसऱ्या बाजूला वळवायची. तीस सेकंद, तीन-चार वेळा, रोज. सोबत पात्याला खालून धरणाऱ्या स्नायूंचा व्यायाम हवा, नाहीतर सुटलेला स्नायू पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. ताण दिल्याबरोबर लगेच पुन्हा मोजून आनंद मानू नका, त्या क्षणाची वाढ टिकेलच असं नाही. चार ते सहा आठवड्यांनी मोजा.

एक घरचा अभ्यास सांगते, जो मला कुणी सांगितला नाही आणि सांगायला हवा होता. आठ-दहा ओळखीची माणसं घ्या, दोन दिवसांच्या अंतराने त्यांना दोनदा मोजा, आकडे दुसऱ्याला लिहायला लावा. दोन मापांत सर्वसाधारण किती फरक पडतो ते बघा. माझा फरक चार मिलिमीटरच्या आसपास येतो. याचा अर्थ तीन मिलिमीटरची सुधारणा दिसली तर ती माझ्या बोटांचीही असू शकते.

वहीत प्रत्येक मापापुढे हे सगळं लिहा: तारीख, बाजू, उभं की झोपून, टेप की कॅलिपर, कोणी मोजलं. दोघांनी आळीपाळीने मोजलं तर त्या आकड्यांची तुलना होत नाही.

एका तांडेलांची, म्हणजे नौकेच्या प्रमुखांची, नोंद समोर आहे. १६४ सेंटीमीटर उंची, उजवा खांदा. जूनच्या पहिल्या आठवड्यात उजवीकडे ११.९, डावीकडे १२.३. उजवा निर्देशांक ७.२६. दोन महिने पडवीतला खांब आणि रबराच्या पट्ट्याचा व्यायाम नेमाने केला. नारळी पौर्णिमेच्या आधी आले, तेव्हा हात वर सरळ जात होता आणि कळ जवळपास नव्हती. उजवं माप १२.१, निर्देशांक ७.३८. म्हणजे अजूनही आखूडच, आणि वाढ माझ्या चुकीच्या आत. त्यांनी विचारलं, “वाढला का गो माप?” मी म्हटलं, माप नाही सांगता येत, खांदा मात्र सुधारलाय. वहीत दोन्ही लिहिलं आणि पुढची तारीख डिसेंबरची दिली.